मिशनची गाडी निघून गेल्यावर

गरिबाने धर्म बदलला की आपण विचारतो, त्याला काय मिळालं? ब्राह्मणाने बदलला की विचारतो, त्याला काय पटलं? नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यावर तेव्हापासून आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं टिळकांच्या मनाचा ठाव घेणारं आहे: त्यांनी काय वाचलं, कुणाशी वाद घातला, किती रात्री तळमळले. त्याच्या आगेमागे नगर जिल्ह्यातल्या नेवासा, राहुरी, पारनेर भागातल्या महारवाड्यांतून घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. त्यांच्याही रात्री तळमळण्यात गेल्या असतील, हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. दुष्काळ होता, मिशनने धान्य दिलं, माणसं बाटली. एका वाक्यात निकाल.

हा निकाल आजही तसाच लावला जातो. श्रीरामपूरकडच्या एखाद्या वस्तीवर चारचौघांचा ख्रिस्ती गट औषधं, वह्या, कपडे घेऊन गेला आणि जाताना प्रार्थना करून आला, की लगेच आमिषाची चर्चा सुरू होते. गटातली माणसं म्हणतात, आम्ही फक्त सेवा करतो. मला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. आरोप करणारा गरिबाला अक्कल नाही असं गृहीत धरतो, आणि ‘फक्त सेवा’ म्हणणारा स्वतःच्या श्रद्धेलाच नाकारतो. नगर जिल्ह्यात मिशन येऊन दोनशे वर्षं होत आली. इतक्या वर्षांचा हिशेब समोर असताना सेवा खरी की प्रसार खरा, या वादात अडकून पडायचं कारण नाही. मिशनला विचारण्यासारखा प्रश्न माझ्या मते एकच आहे: तुम्ही दिलंत ते घेणाऱ्याच्या मालकीचं झालं का, की तुमच्या हातातच राहिलं?

1831 च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनची मंडळी नगरला आली. अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड, विल्यम हार्वे, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती. वर्षाच्या आत हार्वे कॉलऱ्याने गेले, पुढच्या वर्षी बाबाजीही गेले. शहरात इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर एक गरीबखाना चालत असे. आंधळे, पांगळे, महारोगी, म्हातारे तिथे असत. मिशनने तिथे रोज जायला सुरुवात केली, आणि नगरच्या सुरुवातीच्या बाप्तिस्म्यांत या गरीबखान्यातल्या माणसांचा भरणा मोठा होता. म्हणजे आमिषाचा आरोप करायचा तर अगदी पहिल्या पानापासून करता येतो. ज्याला दुपारची भाकरी मिशनच्या देखरेखीखाली मिळते, त्याच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची कशी? मिशनरींनाही ही शंका यायची. बाप्तिस्मा मागणाऱ्याला ते महिनोन्महिने ताटकळत ठेवत, प्रश्न विचारत, वर्तन पाहत. शंका घेणारे आपणच पहिले, असा आव आणायला नको.

पण मिशनची सगळ्यात मोठी कामगिरी कुठे दिसते? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ती नाही. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई 1827 साली मुंबईला आली, 1839 पासून नगरला राहिली, तिथेच मुलींच्या शाळा चालवत 1862 मध्ये वारली. 1848 साली सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर जोतीराव फुले नगरला आले, त्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली, आणि पुण्याला परतून स्वतःची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती धर्माबद्दल त्यांना आदर होता, मिशनरींशी मैत्री होती, त्यांच्याशी वादही होते. पण मिशनच्या बॉस्टनमधल्या मुख्य कचेरीला जाणाऱ्या अहवालात फुल्यांच्या भेटीसाठी रकाना नव्हता. शाळेत मुली किती, चर्चचे सभासद किती, त्यात यंदाची वाढ किती, एवढंच तिकडे कळवायचं असे. महाराष्ट्राचा इतिहास बदलणारी गोष्ट त्या रकान्यांच्या बाहेर घडली.

त्यानंतर सात वर्षांनी, 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. छापला कुणी? ‘ज्ञानोदया’ने. हे नियतकालिक 1842 साली नगरलाच सुरू झालं, आणि हिंदू धर्मावर टीका करण्यात ते कधी मागे राहिलं नाही. मिशनरी भाषा अनेकदा उर्मट होती. जुने अंक चाळले तर आजही अंगावर येते. तरी मांग-महारांच्या दुःखाला त्या काळात मराठी छापील पानात जागा मिळाली ती याच उर्मट पत्रात. मिशन चांगलं की वाईट, असा एका शब्दात निकाल मागणाऱ्यांना हा गुंता पेलत नाही.

आता दुष्काळाकडे येऊ, कारण आमिषाच्या आरोपाचं मूळ तिथे आहे. 1876 ते 1878 चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा नगर जिल्हा होरपळला. सरकारी कामांवर खडी फोडायला माणसं गेली, मिशनच्या हाती आलेल्या पैशातून धान्य वाटलं गेलं, अनाथ मुलं मिशनच्या आवारात आली. दुष्काळ ओसरता ओसरता गावोगावच्या महारवाड्यांतून बाप्तिस्म्याची मागणी आली. नगरमध्ये तेव्हा इंग्रजांचं अँग्लिकन मिशनही नव्याने उतरलं होतं. त्याने फार छाननी न करता मोठ्या संख्येने बाप्तिस्मे दिले; अमेरिकन मंडळींनी नाराजी दाखवली, आमची माणसं पळवता म्हणून भांडणही झालं. याच दुष्काळात आंध्रात ओंगोलला जॉन क्लाऊ नावाच्या बॅप्टिस्ट मिशनरीने मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे बंद ठेवले. कालव्याच्या कामाचं कंत्राट घेऊन त्याने हजारोंना मजुरी दिली, आणि मदत थांबल्यावर, 3 जुलै 1878 रोजी, एका दिवसात 2,222 जणांना बाप्तिस्मा दिला. धान्य संपलं तरी माणसं आली. त्यांना काय हवं होतं?

माझा अंदाज असा, की त्यांना धान्यापेक्षा महाग काहीतरी हवं होतं. गावगाड्यात महाराला मेलेली ढोरं ओढायची, वर्दी द्यायची, साहेब आला की लाकूडफाटा पुरवायचा, आणि बदल्यात बलुतं म्हणून उरलंसुरलं घ्यायचं. मिशनने गावात शाळा काढली की तिथे मास्तर म्हणून बहुधा महार समाजातलाच, नगरला शिकून आलेला तरुण यायचा. तो स्वच्छ धोतर नेसायचा, मामलेदाराला अर्ज लिहायचा, सावकाराचा कागद वाचून दाखवायचा. कागदावर पन्नास लिहिलेत आणि तू शंभर फेडतोयस, हे सांगणारा माणूस आपल्याच वाड्यात आहे, ही गोष्ट गावाला हादरवणारी होती. त्याला आमिष म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. स्वाभिमानाचं आमिष दाखवल्याबद्दल कुणावर खटला भरायचा असेल, तर आरोपींची यादी बरीच लांब होईल.

आणि टिळकांच्याच घरातलं उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. पुढे त्याच्याकडे आल्या त्या आपलं सोवळं आणि वेगळी चूल घेऊन. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’त बाईंनी त्यांच्या नेहमीच्या खट्याळ सुरात लिहिलंय, की जातिभेद देवाने केले की माणसाने, याचा विचार त्यांनी आपल्या आपण केला, आणि एकदा उमगल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. 1900 साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता; नवऱ्याचा संसार मिशनच्या पगारावर चालत होता. तरी लक्ष्मीबाई पोटासाठी ख्रिस्ती झाल्या असं कुणी म्हणत नाही, कारण त्यांनी आपलं मन लिहून ठेवलं. राहुरीच्याच महारवाड्यातली बाई लिहू शकत नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि त्या न लिहिलेल्या जागेत आपण धान्याची पोती रचून ठेवली.

इथवर मी मिशनची वकिली केली. आता उलटतपासणी.

मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854 च्या अखेरीस नगरला आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मिशनने कायम बसून राहायचं नसतं. देशी चर्चने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा, स्वतःचा प्रसार करावा, आणि परदेशी माणसाने पुढच्या प्रांतात जावं. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा दिली गेली. कागदावर योजना चोख होती. अडचण अशी, की मंडळी झाली होती ती जिल्ह्यातल्या सगळ्यांत गरीब माणसांची. बलुत्यावर जगणारी वीस कुटुंबं पाळकाचा पगार देणार कुठून? मग पगार मिशनने दिला. मास्तर, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया, पाळक, अनाथगृहाची मावशी, सगळ्यांचा पगार मिशनचा. पगार ज्याचा, शब्द त्याचा. बदली कुठे व्हावी, शाळा बंद करावी की चालू ठेवावी, मुलाला सेमिनरीत घ्यावं की सुतारशाळेत, हे ठरवणारे साहेब बंगल्यात राहायचे, आणि ख्रिस्ती माणूस अर्ज घेऊन व्हरांड्यात उभा राहायचा. पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहणं सुटलं, ते बंगल्यासमोर उभं राहण्यासाठी. साहेब पाटलापेक्षा दयाळू होता, अनेकदा खरोखर प्रेमळ होता. रॉबर्ट ह्यूमसारखा माणूस नगरला जवळजवळ आयुष्यभर राहिला, 1899-1900 च्या दुष्काळात राबला, लोक त्याला बाप मानत. पण बाप मानावं लागणं हीच तर गोची होती.

टिळकांना ती गोची सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत खोल कळली. वीसेक वर्षं त्यांनी मिशनची नोकरी केली, सेमिनरीत शिकवलं, ‘ज्ञानोदया’चं काम पाहिलं, शेकडो गीतं लिहिली, आपल्या घरात अनाथ पोरांपासून बालकवींपर्यंत कुणाकुणाला ठेवून घेतलं. आणि 1917 मध्ये नोकरी सोडली. पगार नको, हुद्दा नको. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं, आणि ‘देवाचा दरबार’ भरवायचा. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यालाही जागा आणि न झालेल्यालाही. बाप्तिस्म्याची नोंदवही हे मिशनचं मोजमाप होतं, आणि टिळकांनी तेच बाजूला सारलं. भजन-कीर्तनाचा बाज त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती मंडळींत रुजवला होता; टिळकांनी त्याला संतांच्या ओवी-अभंगाची खोली दिली. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल आहे, असं मानणारा हा माणूस मिशनच्या अहवालात बसणं शक्यच नव्हतं. 9 मे 1919 रोजी ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

आजच्या सेवागटांकडे मी या नजरेतून पाहतो. वस्तीवरचं एखादं शिबिर डोळ्यांसमोर आणा. समाजमंदिराच्या ओट्यावर दोन टेबलं. एकावर बीपीचं मशीन, दुसऱ्यावर गोळ्यांचे डबे. कॉलेजातल्या मुली नावं लिहून घेतायत, वय विचारलं की म्हाताऱ्या ‘असंल की साठ’ म्हणून हसतायत. ऊसतोडीला गेलेल्या लेकीसुनांची पोरं बिस्किटाच्या पुड्यासाठी रांगेत. दंडाला पट्टा आवळलेला असताना एक ताई वाकून विचारते, ‘मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ मावशी मान हलवतात. मग पेटी-ढोलकीवर दोन गाणी, साक्ष, फोटो, आणि चारच्या सुमाराला गाडी निघते. मावशींना साखरेचा आजार आहे, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या आहेत. सोळाव्या दिवशी त्या कुणाकडे जाणार?

आमिषवाल्यांचा सगळा आक्षेप त्या प्रार्थनेवर असतो. माझा आक्षेप सोळाव्या दिवसावर आहे. प्रार्थनेबद्दल बोलायचं तर ती विचारून केली हे चांगलंच. पण दंडाला पट्टा असताना विचारलेल्या प्रश्नाला ‘नको’ म्हणणं गरीब बाईला जमत नाही, हे त्या ताईला ठाऊक हवं. नकार द्यायची मोकळीक नसेल तर होकाराला वजन कसलं? आणि ती मोकळीक येते कशाने? मावशींना त्या टेबलाची गरज उरत नाही तेव्हा. तोवर त्या मान हलवतच राहणार, आणि उद्या दुसऱ्या पंथाची, परवा एखाद्या पक्षाची गाडी आली तर तिथेही हलवणार.

पक्षाचा उल्लेख सहज केलेला नाही. आमचा हा जिल्हा सहकाराचा. लोणीला विठ्ठलराव विख्यांनी 1950 च्या आसपास सहकारी कारखाना उभा केला त्याची वाहवा अख्खा देश करतो, आणि करावीच. पण आज कुठल्याही नेत्याच्या वाढदिवसाला नेत्रतपासणी शिबिर भरतं, मागे दहा फुटी फ्लेक्स असतो, चष्म्याच्या डबीवर साहेबांचा फोटो असतो. बदल्यात काय हवं ते चष्मा घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. त्याला आपण आमिष म्हणत नाही, जनसंपर्क म्हणतो. शिर्डीच्या संस्थानाचं प्रसादालय आणि इस्पितळ लाखोंच्या कामी येतं, आणि तिथून निघणारा माणूस साईंना हात जोडून निघतो. त्यात कुणाला गैर दिसत नाही, मलाही दिसत नाही. भुकेल्याला अन्न देणाऱ्याचा देव त्याला आठवणारच. मग एका धर्माच्या बाबतीतच हा संबंध गुन्हा कसा ठरतो?

कायद्याची बाजू थोडक्यात. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचाही हक्क आहे. संविधान सभेत त्यावर बरीच खडाजंगी झाली आणि तरी तो शब्द राहिला. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ठीक. पण स्वतः धर्म बदलण्याचा हक्क तर ज्याचा त्याचाच, आणि तो गरिबाला श्रीमंतापेक्षा कमी नाही. ‘आमिष’ हा शब्द कायद्यात इतका सैल ठेवायचा, की शाळाही त्यात बसते आणि औषधही, म्हणजे गरिबाच्या प्रत्येक निर्णयावर सरकारी शिक्क्याची अट घालायची.

शिवाय आमिषाच्या गणितात एक ढळढळीत चूक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलिताला आजही नाही. म्हणजे महार किंवा मांग माणूस उघडपणे ख्रिस्ती झाला, तर त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, ग्रामपंचायतीची राखीव सीट जाते. बिस्किटाच्या पुड्यासाठी एवढं कुणी सोडतं का? म्हणून तर कित्येक जण रविवारी चर्चला जातात आणि दाखल्यावर जुनीच नोंद ठेवतात. लोक त्याला लबाडी म्हणतात. दरवाजा इतका अरुंद ठेवायचा, आणि माणूस अंग चोरून आत शिरला की चोर म्हणायचं! चर्चलाही इथे तोंड लपवायला जागा नाही. बंगल्यातून बिशपच्या कचेरीपर्यंत सत्ता आली, पण जात चर्चच्या दाराबाहेर राहिली नाही. लग्नं अजून जुळतात ती बहुतेक जात विचारूनच.

तर मग द्यायचं कसं? माझ्या जिल्ह्याने याचं एक उत्तर देऊन ठेवलंय, आणि ते ख्रिस्ती माणसांनीच दिलंय. रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे, म्हणजे टिळकांच्या पायवाटेवरचे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात ते आणि मेबल एका वर्गात शिकले. लग्नानंतर दोघांनी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काही वर्षं काढली. रुग्ण यायचे, बरे होऊन जायचे, आणि तेच आजार घेऊन परत यायचे. बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. इस्पितळ चालवणं म्हणजे गळका हंडा भरत बसणं, हे दोघांना तिथे उमगलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि 1970 मध्ये जामखेडला आले: जिल्ह्याचं टोक, कायम दुष्काळी, रस्ते नाहीत. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावांत पाठवल्या. जमलं नाही. बाहेरची पोरगी गावात एकटी राहायला घाबरायची, आणि गावच्या बाया तिला काही सांगायच्या नाहीत. मग गावातलीच बाई निवडायची ठरली. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत मुक्काम करायच्या. मराठ्याची सून आणि मांगाची लेक शेजारी शेजारी. हगवणीला मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, पोराचं वजन कसं नोंदवायचं, बाळंतीण अडणार हे आधी कसं ओळखायचं, महारोगाचा चट्टा कसा तपासायचा. डॉक्टरकडचं ज्ञान डॉक्टरने उचलून तिच्या पदरात टाकलं. 1972 च्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी बहुतेक बोअर दलित वस्तीत पाडून घेतले. पाणी हवं असेल तर सवर्ण बाईने त्या वस्तीत घागर घेऊन यायचं. विटाळावर त्यांनी प्रवचन दिलं नाही, हँडपंपाची जागा ठरवली. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे सामने भरवले, कारण खेळताना चेंडूला जात विचारत बसता येत नाही.

1971 च्या सुमाराला त्या भागात हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती. 1990 च्या दशकात हा आकडा विशीच्या घरात आला. 1978 मध्ये आल्मा-आटाला जगभरची सरकारं ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हणाली, तेव्हा समोर जी मोजकी उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं. पुढच्याच वर्षी दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही ख्रिस्ती सेवा होती का? मेबल आणि रजनीकांत दोघांनीही कधी आपली श्रद्धा लपवली नाही. आपण इथे का आलो, असं विचारलं तर येशूचं नाव घेत. त्यांच्या कार्यकर्त्या हिंदू होत्या, बौद्ध होत्या, मुसलमान होत्या, आणि बहुतेक तशाच राहिल्या. मिशनच्या जुन्या नोंदवहीच्या हिशेबाने हे अपयश म्हणावं लागेल. मला मात्र वाटतं, की टिळकांच्या दरबारात जे राहून गेलं ते इथे घडलं. श्रद्धा सांगितली गेली, पण ऐकणारी बाई सांगणाऱ्याच्या ऋणात नव्हती. नाडी तपासायला, मीठ-साखरेचं प्रमाण सांगायला ती स्वतः तयार होती. आवडलं तर ऐकेल, नाही तर ‘येते डॉक्टर’ म्हणून उठून जाईल. दोन बरोबरीची माणसं श्रद्धेविषयी बोलतात तेव्हा त्याला आमिष म्हणता येत नाही. त्याला गप्पा म्हणतात, फार तर वाद.

संगमनेरच्या पठारावर स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामात हीच वाट धरली. गावाने समिती करायची, श्रमदान करायचं, चराईवर बंदी स्वतः घालून घ्यायची, पैशाचा हिशेब गावाने ठेवायचा. दरेवाडीसारख्या गावात डोंगर हिरवा झाला तेव्हा चर्चमधली गर्दी वाढली नाही, विहिरींचं पाणी वाढलं. आणि उलट पाहायचं तर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जा. तिथे कुणी कुणाला वाटत काही नाही. माणसं स्वतःचा खर्च करून, स्वतःची भाकरी बांधून येतात, ख्रिस्तीही आणि ख्रिस्ती नसलेलेही, मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात. श्रद्धेचा प्रसार हा सेवेच्या खांद्यावर बसूनच होतो, हा समज तिथल्या गर्दीत टिकत नाही.

माझ्या या मांडणीतला एक कच्चा दुवा मला दिसतो, तो झाकत नाही. जामखेडच्या त्या बायांना मानधन असं फारसं नव्हतं. पुढे सरकारने 2005 नंतर आशा कार्यकर्ती नेमली, तेव्हा जामखेडची कल्पना घेतली आणि स्वस्तपणाही घेतला. आज आशाताई मानधनासाठी मोर्चे काढतात. ज्ञान तिच्या मालकीचं झालं, तिच्या वेळेचं मोल मात्र ठरवायला दुसराच कुणीतरी बसला. पगार दिला की माणूस मिंधा होतो आणि न दिला की फुकट राबतो. या दोन्हींतून अँडरसनसाहेबांना वाट सापडली नव्हती, टिळकांनी पगार सोडून स्वतःपुरती काढली, आरोळ्यांना अर्धी सापडली.

संस्था नको असंही मी म्हणणार नाही. टिळकांचा दरबार विरला, पण अमेरिकन मिशनने बांधलेलं आणि पुढे मुक्ती फौजेकडे गेलेलं नगरचं बूथ हॉस्पिटल टिकलं, आणि कोविडच्या साथीत शहराच्या कामी आलं. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी 1947 मध्ये काढलेल्या अहमदनगर कॉलेजात जिल्ह्यातल्या सगळ्या जातिधर्मांची पोरं आजही शिकतात. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं. ज्या बाईने आपल्या राज्याबाहेरही घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या तिचं नाव. तिच्या विहिरीवर पाणी पिणाऱ्याला तिचा देव कोणता हे माहीत होतं, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो आपल्या वाटेने जात होता.

वस्तीवर जाणाऱ्या गटांनी जावं. येशूचं नाव घ्यावं, ते चोरून घेऊ नये. ‘आम्ही फक्त सेवा करतो’ हे वाक्य तर मुळीच म्हणू नये, कारण ते खरं नसतं आणि ऐकणाऱ्यालाही खरं वाटत नाही. पण गोळ्यांच्या डब्याआधी वस्तीतल्या दोन बायांना बीपीचं मशीन चालवायला शिकवावं, साखर तपासायला शिकवावं, सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा ते दाखवावं, आणि मशीन वस्तीतच ठेवून यावं. पुढच्या खेपेला पट्टा त्या दोघींपैकी कुणाच्या तरी हातात असेल. प्रार्थनेचं तेव्हा विचारून पाहावं.